उतारावरचे तीन खांब आणि माझे दीर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे, राहणार नदीकाठच्या शेवटच्या घरात, जिला नदीवरचे लोक मिस्त्रीणबाई म्हणतात, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची काय व्यवस्था लावायची ते आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. तपासताना त्यांनी विचारले, मनात कोणाबद्दल राग वगैरे आहे का. मी हो म्हटले. रागामुळे माणूस अपात्र ठरत नाही, असे त्यांनी सांगितल्यावरच मी लिहायला बसले. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी दिरांना बरेच काही दिले होते.

कलम १. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझ्या मुलीकडे राहील. तिने ते माझ्या शेडमध्ये, सकाळच्या उजेडात, मोठ्याने वाचावे. वाचनाला माझे दीर, गणिताच्या बाई आणि होडी क्लबचे सचिव हजर असावेत. सचिव नाही आले तर वाचन थांबवू नये. दीर नाही आले तर ते येतील तोवर वाट पाहावी. मुलीने आधी एकटीने वाचू नये ही माझी विनंती, आणि वाचता वाचता मध्येच थांबू नये ही ताकीद.

कलम २. राहते घर, भांडीकुंडी, कपाट आणि बँकेत जे असेल ते मुलीला. वरच्या खोलीची खिडकी ओढून लावावी लागते, ते तिला ठाऊक आहे.

कलम ३. माझ्या पान्यांचा संच समोरच्या काठावरच्या गॅरेजवाल्याला द्यावा. त्यातला चौदा नंबरचा पाना सोळा वर्षांपूर्वी तो दोन दिवसांसाठी घेऊन गेला. संच एकत्र नांदू दे. देताना मी काय म्हटले ते त्याला जरूर सांगावे.

कलम ४. होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार आणि त्याला लागून असलेली शेड. या दोन्हींसाठीच मी एवढा कागद खर्च करत आहे.

ही जागा मला माझ्या वडिलांनी दिली. तेव्हा तिथे गुडघाभर चिखल होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी आणि माझ्या दिवंगत पतींनी (यापुढे ‘हे’) आठ दिवस खपून उतार घातला. ओल्या सिमेंटवर चर पाडायला यांनी झाडूचा दांडा वापरला, म्हणून त्या रेषा वाकड्या आहेत. पण आजवर तिथे कोणाचा पाय घसरलेला नाही.

वरच्या धरणापासून खालच्या पुलापर्यंत दुसरा उतार नाही, त्यामुळे सगळे आमच्याकडेच येऊ लागले. मोटरवाले, गळवाले आणि वल्हेवाले. आम्ही कोणाला कधी अडवले नाही. यांनी फक्त एक पाटी रंगवली. होडीची सगळी तयारी मागच्या मोकळ्या जागेत करा आणि मगच उतारावर या. उतारावर गाडी सोडून जाऊ नका. गळ टाकून बसलेल्यांच्या जवळून जाताना इंजिन मंद करा आणि त्यांच्या दोरीच्या मागून जा. वल्हेवाल्यांनी काठाने जावे आणि सामान उतारावर पसरू नये. एवढेच. हे शाळेत कधी पहिले आले नाहीत, पण चार वाक्यांत सगळी नदी बसवली.

खरे लिहायचे म्हणून लिहिते की वल्हेवाले मला तेव्हा डोळ्यांसमोर नकोसे असत. माझे पोट इंजिनांवर, आणि त्यांच्या होड्यांना इंजिन नाही. त्यांच्या कयाकांना, म्हणजे त्या एकट्याने बसायच्या लांबट निमुळत्या होड्यांना, मी रंगीत केळी म्हणत असे. ते उतारावर जाकिटे, बूट आणि डबे मांडून बसायचे आणि मी शेडच्या दारातून ओरडायची. मी मोटरवाल्यांवरही ओरडायची, गळवाल्यांवरही. माझा आवाज समोरच्या काठावर जातो असे म्हणतात, आणि ते खरे आहे.

माझे दीर म्हणजे यांचे धाकटे भाऊ. क्लबमधली सगळ्यात मोठी होडी त्यांची, आणि पाटी आपल्यासाठी नाही अशी त्यांची ठाम समजूत. घरचाच उतार, असे ते म्हणत. अर्धा अर्धा तास उतार अडवून दोऱ्या बांधत, खुर्च्या चढवत, फोनवर बोलत. मागे रांग उभी.

नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आठाला रांगेत अकरा गाड्या होत्या. दीर नेहमीप्रमाणे मधे गाडी लावून खुर्च्या काढत होते. हे आपली छोटी होडी घेऊन गळाला निघाले होते. जाता जाता यांनी भावाला सगळ्यांदेखत सांगितले, “आधी मागे जाऊन तयारी कर, मग उतारावर ये. पाटी मी शोभेला लावलेली नाही.” यांचा आवाज चढलाही नव्हता. पण रांगेतले दोघे-तिघे हसले. दीर लाल झाले आणि गाडी मागे घेऊन गेले.

तासाभरात रांग ओसरली. हे वळणावर गळ टाकून बसले होते. मी शेडच्या आत एका इंजिनात हात घालून होते. बाहेर आले तो दिरांचा ट्रेलर उताराच्या बरोबर मधोमध, त्यावर होडी, चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप. गाडी नाही, दीर नाहीत. दुकानात बर्फ आणायला जातो, असे ते कोणाला तरी सांगून गेले होते.

तेवढ्यात वळणाकडून एक मोटर बोट वेगाने आली आणि गेली. ती कोणाची होती ते आजवर कोणी कबूल केलेले नाही. धरणातून पाणी सोडलेले होते, त्यात तिची लाट. हे मासा काढायला उभे राहिले असावेत. होडी उलटली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

माझी बचावाची होडी शेडमध्ये चाकांवर तयार होती. दोन मिनिटांत पाण्यात गेली असती. पुढे दिरांची साडेआठशे किलोची होडी कुलूप लावून उभी. मी दिरांच्या नावाने हाका मारल्या. घसा फुटेपर्यंत मारल्या. मग करवत आणून साखळी कापायला बसले.

शाळेतल्या गणिताच्या बाई, वल्हेवाल्यांपैकीच एक, तेव्हा उताराच्या कडेला आपले पिवळे केळे पुसत होत्या. मी त्यांना त्याच सकाळी दोनदा झापले होते. त्यांनी हातातले फडके टाकले. कयाक खांद्यावर घेतली, उतार सोडून बाजूच्या चिखलात कमरेपर्यंत शिरल्या आणि प्रवाहात गेल्या. यांना त्यांनी धरले, पण कयाकवर चढवता येईना. एका हाताने झाडाची फांदी आणि दुसऱ्या हाताने यांची कॉलर, अशा त्या राहिल्या. साखळी तुटायला अकरा मिनिटे लागली. दिरांची होडी ट्रेलरसकट घरंगळत नदीत गेली. तिच्या कडेने मी माझी पाण्यात काढली.

हे जिवंत बाहेर आले. छातीत पाणी गेले होते. दवाखान्यात नवव्या दिवशी वारले. डॉक्टर म्हणाले की पाच मिनिटे आधी काढले असते तर बहुधा वाचले असते. मी मिस्त्री आहे, वजाबाकी मला येते.

कलम ५. क्लबच्या सचिवांना मी उतार अडवल्याच्या तक्रारीची माझी चौदा पत्रे देते, त्यांच्याच शिक्क्याच्या पोचपावत्यांसह. यांच्या मृत्यूनंतर क्लबने केलेल्या चौकशीत दिरांनी लेखी दिले की मी बर्फ आणायला गेलो होतो आणि उतार निम्मा मोकळा होता. सचिवांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. त्या इतिवृत्तात दिरांच्या होडीला पडलेल्या पोच्याची नोंद चार ओळींची आहे आणि यांच्या मृत्यूची दीड ओळीची. ते पान काचेत बसवून मी शेडमध्ये लावले आहे. तेही सचिवांनी घेऊन जावे आणि कार्यालयात आपल्या खुर्चीमागे टांगावे. तसे केले नाही तर माझी बचावाची होडी क्लबला मिळणार नाही, आणि क्लबकडे दुसरी नाही.

कलम ६. उतार आणि शेड मी गणिताच्या बाईंच्या हवाली करते. ज्यांना मी बारा वर्षे हाकलले त्यांनीच यांची कॉलर धरली. यात माझा अपमान आहे आणि तो मला मान्य आहे. बाईंनी उतार तिन्ही प्रकारच्या लोकांना खुला ठेवावा. मात्र माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत उताराच्या तोंडाशी लोखंडाचे तीन खांब रोवावेत, मधला कुलपाचा. खांब मी बनवून ठेवले आहेत, शेडमध्ये डाव्या भिंतीशी उभे आहेत. जो मोटरवाला पाटीवरचे चारही नियम वाचून सही करेल, त्याला बाईंनी किल्ली द्यावी. माझ्या दिरांना देऊ नये.

दिरांना उतार वापरण्याची बंदी नाही. त्यांनी होडी वल्हेवाल्यांसारखी खांद्यावर उचलून न्यावी.

कलम ७. माझी मुलगी मला नेहमी म्हणते, “आई, काका थकलेत आता, सोडून दे.” तिला पोहायला त्यांनीच शिकवले. तिच्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त धावपळ त्यांनी केली. मीही सोडून द्यायला आले होते. वर म्हटलेले जुने मृत्युपत्र त्याच सुमाराचे. मला वाटायचे, निष्काळजी माणूस आहे, आळशी आहे, घाबरून खोटे बोलला. एवढ्यावर किती वर्षे जळायचे.

सहा महिन्यांपूर्वी दीर इंजिन घेऊन शेडवर आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. इंजिनात फारसे काही नव्हते, प्लग काळा पडला होता. मी तो घासत होते. ते स्टुलावर बसले. वजन बरेच उतरले होते. प्लगकडे बघत म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी मी बर्फ आणायला गेलो नव्हतो.”

मी घासत राहिले.

त्यांनी सांगितले ते असे. सकाळी भावाने लोकांदेखत बोलल्याचे त्यांना फार लागले होते. म्हणून रांग संपल्यावर त्यांनी मुद्दाम ट्रेलर मधोमध लावला, मुद्दाम कुलूप घातले. भाऊ परत आला की त्याला पाण्यातच ताटकळत ठेवायचे, सगळ्यांसमोर विनवायला लावायचे. गाडी त्यांनी माझ्या शेडच्या मागच्या गल्लीत उभी केली आणि आत बसून राहिले. किल्ली मुठीत होती. माझ्यापासून साठ पावलांवर. मी नंतर मोजली.

मी विचारले, “माझ्या हाका ऐकू आल्या नाहीत, भावजी?”

ते म्हणाले, “सगळ्या आल्या. मला वाटलं, तुम्ही नेहमीसारख्या ओरडताय.”

हे वाक्य मी सहा महिने गिळते आहे आणि ते खाली उतरत नाही. त्यात माझा जो वाटा आहे तो मी घेते. आयुष्यभर उठल्यासुटल्या ओरडले, म्हणून खरी हाक ओळखू आली नाही. त्याची शिक्षा मी भोगत आहे आणि ती कोणी कमी करू नये. पण माझा वाटा घेतल्यावरही त्यांचा त्यांच्याकडे उरतोच. अकरा मिनिटे ते काच वर करून बसले होते. आणि नंतर नऊ वर्षे माझ्या मुलीच्या घरी जाऊन जेवत होते.

म्हणून असे लिहून ठेवते. दिरांना खांबाची किल्ली मिळण्याचा एकच मार्ग आहे. कोणत्याही रविवारी सकाळी आठाला, रांग भरलेली असताना, त्यांनी उताराच्या मधोमध उभे राहावे आणि शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे की कुलूप मुद्दाम घातले होते, किल्ली मुठीत होती आणि हाका ऐकू आल्या होत्या. ही तीनच वाक्ये. बर्फाचे नाव काढू नये. गणिताच्या बाईंनी शेवटच्या गाडीजवळ उभे राहून ऐकू आले की नाही ते ठरवावे. मग किल्ली द्यावी आणि रांगेत त्यांना शेवटचा नंबर द्यावा.

पोरी, तू आत्ता हे वाचते आहेस आणि ते तुझ्या समोर बसले आहेत. त्यांच्याकडे बघायचे की नाही ते तू ठरव. मी तुला त्यांच्याशी बोलू नकोस असे सांगत नाही. फक्त आजपासून कोणाशी बोलते आहेस ते तुला माहीत असावे.

कलम ८. माझ्या दिरांना एक खुलासा देणे आहे. त्या दिवशी निघताना त्यांनी दारात माझे हात धरले आणि हे कोणाला, विशेषतः मुलीला, सांगू नका असे विनवले. मी त्यांना शब्द दिला की मी जिवंत असेपर्यंत हे माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. माझे आभार मानून ते गेले.

भावजी, शब्द मी पाळला आहे.

वरील मजकूर मी एकटीने, एका बैठकीत लिहिला. साक्षीदारांनी तो वाचलेला नाही. मी त्यांच्यासमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच त्यांची साक्ष आहे.

स्थळ: नदीकाठचे घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १९ मार्च २०१८, सोमवार, सकाळी अकरा

सही: मिस्त्रीणबाई (डाव्या अंगठ्याचा ठसाही दिला आहे; काळा डाग ग्रीसचा आहे)

साक्षीदार १: मागच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. सही.
साक्षीदार २: टपाल कचेरीतल्या निवृत्त कारकूनबाई. सही.