सैल झाकणं

प्रिय चिमणे,

तुझ्या नव्या घरात बाबा फळ्या ठोकतायत आणि तू चहा पाजून पाजून त्यांना कामाला जुंपलं आहेस, असं कळलं. जुंप. पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातात हातोडी तू दिलीस, तेव्हा भिंतीच्या भोकांची जबाबदारी तुझी. फोनवर तू लगेच त्यांच्याकडे फोन देतेस, म्हणून हे पत्र, तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. जाड पेनाने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

माझ्या संधिवाताची तुला अर्धीच बातमी असते. दर काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे माझी परीक्षा असते. त्या एकेक सांधा दाबून बघतात, रक्ताचा रिपोर्ट वाचतात आणि मग विचारतात, केस स्वतः विंचरता का, बटणं लावता का, आधाराशिवाय खुर्चीतून उठता का, बरणीचं झाकण उघडता का. सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. त्यावरून औषध किती जोराचं द्यायचं ते ठरतं आणि आणखी दहा वर्षांनी हे हात कामाचे राहतील का, याचा अंदाजही बांधतात. मी आपली प्रत्येक प्रश्नाला छाती पुढे काढून 'सहज' म्हणायचे. बाई माझा एक्स-रे बघून कपाळाला आठ्या घालायच्या, कारण हाडं झिजत होती, दोन बोटं वाकडी व्हायला लागली होती; पण आकडा चांगला निघायचा, म्हणून औषध तेच साधं ठेवायच्या. मी मात्र वर्गात पहिली आल्याच्या थाटात घरी यायचे.

बाबा तुझ्याकडे आले आणि इकडे कॉफी संपली. नवी बाटली मी आणली, तर झाकण हलायला तयार नाही. फडक्याने धरलं, गरम पाण्यात बुडवलं, चार शिव्या घातल्या, शेवटी शेजारणीला हाक मारली. मग शंका आली म्हणून कपाट उघडलं. मध, जॅम, तेल, माझ्या गोळ्यांची डबी, सगळ्यांची झाकणं आधीच उघडून नुसती टेकवून ठेवलेली. स्वेटर बघितला, तर काजं ब्लेडने मोठी करून पुन्हा शिवलेली, टाके इतके बारीक की घड्याळजीशिवाय दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाहीत. माझ्या खुर्चीच्या पायांखाली ठोकळे. एका शब्दाने बोलले नाहीत गं! आमचं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, मुलगा फारच अबोल आहे. मी स्वयंपाकघरात उभी राहून खूप हसले आणि मग रडलेसुद्धा. इतकं कुणी आपल्यावर प्रेम करत असेल आणि आपल्याला पत्ताही नसेल, याचं काय करायचं ते मला कळेना.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. आधी त्याही हसल्या. मग म्हणाल्या, तुमची एकटीची उत्तरं द्या. दिली. बहुतेक ठिकाणी 'जमत नाही' आलं. नवा आकडा त्यांनी जुन्या आकड्याशेजारी लिहून बघितला. हे आधी कळलं असतं तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. आता दर आठवड्याला इंजेक्शन सुरू केलं आहे. वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, पण बाकीची वाचण्याची आशा चांगली आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे घाबरू नकोस, मी घाबरलेली नाही.

भीती आहे ती बाबांची. रविवारी ते परत येतील, फ्रिजमध्ये इंजेक्शनं दिसतील आणि ते विचारतील, एकदम हे का? तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. घड्याळ बंद का पडलं हे शोधायला बसले की शेवटच्या चाकापर्यंत जाऊन पोचतात. आपण झाकणं सैल करत राहिलो म्हणून हिचं दुखणं डॉक्टरांना दिसलं नाही, ही दोन बोटं आपल्यामुळे गेली, हे त्यांना एकदा उमगलं तर तो माणूस उभ्या जन्मात सावरायचा नाही. म्हणून तुला लिहिते आहे. त्यांना गाडीत बसवण्याआधी सहज बोलल्यासारखं सांग, की आईचा फोन आला होता, बाजारात नवीन औषध आलंय म्हणे, आताच आलंय. मीही तेच सांगणार आहे. खोटं बोललीस म्हणून लहानपणी तुला किती वेळा कोपऱ्यात उभं केलं, पण हे एक खोटं माझ्यासाठी नीट बोल. झाकणं त्यांना खुशाल सैल करू देत. मी ती मुकाट्याने उघडेन, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं की सांगेन, मला जमत नाही.

सगळ्या कुरकुरणाऱ्या सांध्यांसकट तुझीच,
आई