हरलेल्या मुलांचा गट

बॅटन रूज, ८ ऑगस्ट

ती. अर्लीनताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. आमच्या विद्यापीठाला ते मोठं अनुदान मिळालं. सनदी शाळा, शिक्षण खातं आणि आम्ही संशोधक अशी ही भागीदारी आहे. सरकारी पैशावर खासगी मंडळं चालवतात त्या या शाळा मुलांचं खरंच भलं करतात का, ते आम्ही शोधणार आणि त्यावरून धोरण सुधारणार. तुमच्या कोपऱ्यावरची शाळाही त्यात आहे. प्रवेशाच्या सोडतीत जिंकून आत गेलेली मुलं एकीकडे, हरून बाहेर राहिलेली दुसरीकडे, आणि दोन वर्षांनी तुलना.

तुझ्या नातीचा, ब्रिएलचा नंबर लागला नाही असं कळलं. वाईट वाटून घेऊ नकोस. संशोधनात हरलेली मुलं जिंकलेल्यांइतकीच मोलाची असतात. संमतीचा कागद सोबत आहे, सही करून पाठव. शेजारच्या लुक्रेशियालाही दे, तिचा टेव्हियनही हरलाय.

नातीला गोड पापा. तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
क्लोव्हिस


न्यू ऑर्लिन्स, २९ ऑगस्ट

चि. क्लोव्हिस यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला की तू बैठकीत असतोस, म्हणून लिहायला बसले. भावाने मागितली म्हणून न वाचता सही केली. लुक्रेशियाने तर सही केलेला कागद चर्चमध्ये सगळ्यांना दाखवला, पोरगा विद्यापीठाच्या अभ्यासात गेला म्हणून.

तुझी ही मोलाची नात रोज अंधारात उठते. तिला मिळालेली शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. मंगळवारी परतताना ती बसमध्ये झोपली आणि थेट डेपोत गेली. दिवेलागणीला पोलीस तिला घेऊन आला, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सहा वर्षांची आहे रे ती.

आता ऐक. कोपऱ्यावरच्या शाळेतली दोन कुटुंबं ह्यूस्टनला गेली, दोन जागा रिकाम्या झाल्या. प्रतीक्षा यादीत पहिली ब्रिएल, दुसरा टेव्हियन. मी चर्चला घालायचा ठेवणीतला झगा घालून गेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, भागीदारीच्या अटीमुळे यादी गोठवलीय, बाकं रिकामीच ठेवायची आहेत. असली अट घालणारा शहाणा कोण, असं विचारलं तर त्यांनी तुझं नाव सांगितलं. तो माझा भाऊ आहे हे सांगायची मला लाज वाटली.

ती जागा मिळवून दे. सोमवारी येऊन राजमा-भात जेवून जा, म्हणजे पोटात अन्न असताना तुला शिव्या देता येतील.

रागावलेली असले तरी तुझीच,
अर्लीन


बॅटन रूज, ९ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मन कासावीस झालं. बसचा मुद्दा फारच महत्त्वाचा आहे. आमच्या प्रश्नावलीत प्रवासाचा रकानाच नव्हता, आता घालतोय. अहवालात तुझे आभार मानू, अर्थात नाव न घेता.

जागेचं मात्र अवघड आहे. हरलेलं मूल मागाहून आत गेलं तर ते धड हरलेलं राहत नाही, धड जिंकलेलंही नाही, आणि तुलना नासते. शिवाय स्वतःच्या नातीसाठी अट मोडली तर लोक काय म्हणतील? दोन वर्षं कळ काढ.

अनुदान देणाऱ्या संस्थेला सल्लागार समितीत पालकांचा आवाज हवा आहे. येशील का? जेवण असतं.

रागाबरोबर लोभही राहू दे.
क्लोव्हिस


न्यू ऑर्लिन्स, २४ सप्टेंबर

चि. क्लोव्हिस यास आशीर्वाद.

समितीला जाऊन आले. तू परिषदेला गेला होतास म्हणे. सँडविच थंड होतं. पालकांचा आवाज सगळ्यात शेवटी ठेवला होता, आणि तोवर संस्थेचे साहेब विमान गाठायला उठून गेले. खुर्च्या आवरत होते तेव्हा मी पिशवीतली संमतीच्या कागदाची माझी प्रत काढून एकदाची वाचली. शेवटी लिहिलंय की पालक मुलाला केव्हाही अभ्यासातून काढू शकतात, त्यात मुलाचा काही तोटा होणार नाही. भाषा तुझीच.

दुसऱ्या दिवशी ब्रिएलचं नाव अभ्यासातून काढून घेतलं. मुख्याध्यापिकाबाईंनी नियम पुन्हा वाचला. गोठवली आहेत ती अभ्यासातली मुलं. जी अभ्यासातच नाही तिला अडवता येत नाही. बाई गालात हसल्या आणि दुपारी प्रवेश देऊन मोकळ्या झाल्या. सोमवारपासून ती चालत शाळेत जाते. तुझी तुलना तेवढी नासली, मला मुळीच वाईट वाटत नाही.

राहिला टेव्हियन. लुक्रेशियाला म्हटलं, बाई, तूही नाव काढ. ती ऐकत नाही. म्हणते, क्लोव्हिस याच गल्लीत वाढला, तो माझ्या पोराचं वाईट कसं करील? थांबायला सांगितलंय तर त्यामागे काही चांगलंच असणार. सख्खी बहीण असून मी तुझ्याविरुद्ध बोलते म्हणून ती माझ्यावरच रुसलीय. आज पहाटे खिडकीतून पाहिलं. टेव्हियन तिच्या खांद्यावर झोपलेला, आणि ती बसची वाट बघत उभी. मला रडू आलं.

बाईंनी ती दुसरी जागा शुक्रवारपर्यंत धरून ठेवलीय, मग ती यादीबाहेरच्या कुणाला तरी जाईल. गाडीने दीड तासाचा रस्ता आहे. प्रश्नावली आणू नकोस. लुक्रेशियाचा तुझ्यावर विश्वास आहे, आणि तो मोडायला तूच यायला हवं.

माझा लोभ अजून शिल्लक आहे, तो राखणं तुझ्या हाती.
अर्लीन