बाबल, उतारावर गाडी सोडायची नसते

प्रिय बाबल,

तुझ्या शोकसभेत मी तासभर बोललो, पण तुझ्याशी एक शब्दही बोललो नाही. आज बोलायला बसलो आहे, कारण दुपारी तुझा विजय येऊन गेला. उद्या मालवणच्या किनाऱ्यावर सभा आहे आणि बोलणारा मी आहे. मी काय बोलणार, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. ते मला तरी कुठे माहीत आहे?

तू गेल्यावर विजयने वकिलीचा नाद सोडला आणि इंजिनाची लाँच घेतली. तुला आवडलं असतं का रे? या लाँचा आता किनाऱ्याच्या अंगाशी येऊन मासळी खरवडून नेतात. मग आमच्या रापणकरांनी, अख्खा वाडा मिळून वाळूवरून जाळं ओढणाऱ्या माणसांनी, काय ओढायचं? पाणी? गेल्या आठवड्यात यांची पाण्यात लावलेली रापण एका लाँचने फाडली. ती विजयची लाँच नव्हती, असं तो सांगतो. माझा विश्वास बसला. ज्यांचं जाळं फाटलं, त्यांचा कसा बसावा?

या माणसांसाठी मी गावोगाव बोललो. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, असं गरजलो. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. पण काल त्यांचा पुढारी दाजी माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "आपानूं, उद्या तुमी नुसती मान हलवा. रॉकेल आमच्याकडे आसा."

आणि आज विजय. पडवीत उभाच राहिला, चहालाही बसला नाही. "काका, लाँच जळली तर जळांदे. आतल्या खलाशांक उतरवन ठेवू काय, तितक्याच सांगा."

तुझा मुलगा मला हे विचारतो, बाबल! कडेवर घेऊन ज्याला मी आचऱ्याच्या जत्रेत फिरवला, तो.

तेव्हापासून मला तुझी ती गोव्याहून आणलेली गाडी आठवते आहे. गोवा मोकळा झाल्यावर कुणा जाणाऱ्या साहेबाकडून तू ती घेतलीस. लांबलचक, अमेरिकन, क्लच नसलेली. "पाय एक मोकळो रवता," तू म्हणायचास, "तुझ्यासारख्या बडबड्याक लाथ मारूक." गियर आपोआप बदलायचे. स्टिअरिंगच्या चाकाखाली एक दांडी होती, तिच्यापुढे इंग्रजी अक्षरं. त्यातलं शेवटचं अक्षर कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणालास, "चढणीसाठी. आपणाक कधी लागूचा नाय."

आंबोलीच्या सभेहून परतताना ते लागलं. आपल्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांची खोड तुलाही होती. उतार लागला की इंजिनाची चाकांवरची पकड सोडायची आणि पेट्रोल वाचवत घरंगळत यायचं. तू दांडी न्यूट्रलवर नेलीस. मी सभेतल्या टाळ्यांबद्दल बोलत होतो. निम्म्या घाटात रबर जळाल्यासारखा वास आला. तू ब्रेक दाबलास, तर पाय थेट तळाला गेला.

"काय झालं?"

"ब्रेक गेलो. आता जरा गप ऱ्हव. तुझ्या जिभेक नाय, माझ्या गाडयेक नाय. बरी जोडी जमली."

मी दाराच्या मुठीवर हात टाकला होता. तू रस्त्यावरून नजर न काढता म्हणालास, "दार उघडू नको. दोघांव एकाच गाडयेत आसंव."

इंजिन चालू होतं, पण त्याचा चाकांशी संबंध नव्हता. तू दांडी ओढून पुन्हा आधीच्या, रोजच्या चालवायच्या अक्षरावर आणलीस. धक्का बसला, वेग थोडा मोडला. मी ओरडलो, "अजून खाली टाक की!" तू म्हणालास, "एवढ्या वेगात टाकलो तर मागची चाकां सरकतली. वळणाफुडे सपाट आसा, थंय टाकतंय." ते वळण येईपर्यंत मला माझं एकही भाषण आठवलं नाही. मग तू ते शेवटचं अक्षर घेतलंस. इंजिन किंचाळलं आणि कुणी मागून कमरेला धरावं तशी गाडी जड झाली. ज्या इंजिनाने आपल्याला पळवलं होतं, तेच आता आपल्याला आवरून धरत होतं. पायथ्याला गाडी थांबली तरी तू दांडी धरूनच बसलास, बोटं सुटेनात. "माझा चुकला, आपा," इतकंच म्हणालास.

पुढे डॉक्टरांनी तुला जरा सावकाश घे म्हटलं, तेव्हा हसलास का रे? घाटात कळलं ते घरात का नाही कळलं? मला हे विचारायचं राहून गेलं आणि आता रागवायलाही तू नाहीस.

उद्या सगळे मला सांगतील, लोकांना शांत करा. शांत करा म्हणजे काय? त्यांच्या रागाची पकड सोडवायची आणि त्यांना उतारावर मोकळं सोडायचं. आमच्या पुढाऱ्यांनी दर निवडणुकीनंतर हेच केलं आहे, म्हणूनच रॉकेल निघालं. आणि मी एकदम "थांबा" म्हणून किंचाळलो, तर सगळा किनाराच सरकेल.

म्हणून सांगतो, मी फाटलेल्या रापणीपासून सुरुवात करीन. त्यांचा राग खरा आहे, हे आधी बोलेन. मग हळूहळू त्यालाच कामाला लावीन. लाँचा खोल पाण्यात जाईपर्यंत लाँचवाल्यांच्या दारात बसायचं, उठायचं नाही, आणि पहिलं दार विजयचं. त्याला राग येईल. येऊ दे.

पकड बसेल की नाही, मला ठाऊक नाही. विजयला मी दुपारी इतकंच सांगितलं, "खलाशांना उतरव."

तो खाली मान घालून निघाला. त्याला वाटलं, मी उत्तर दिलं. ते अर्धंच होतं, उरलेलं तुला देतो. भाषण संपलं की मी वाळू तुडवत जाईन आणि तुझ्या मुलाच्या लाँचवर चढून बसेन. काहीही होवो, बाबल, मी दार उघडणार नाही.

तुझ्या बाजूच्या सीटवरचा,
आपा