झाकण काढणारा हात

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. "तू आत जा, हात पूस आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस." हे म्हणालीस तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, मी नऊची. पत्र खुशालीने सुरू करावं हे कळतं, पण आज दुसरं काही सुचेना.

आई बरी आहे. गुडघे थकलेत, जीभ नाही. माझ्या कादंबरीवर सिनेमा होतोय आणि पटकथा मीच लिहितेय, हे तुझ्या कानावर आलंच असेल.

कादंबरीत धाकट्याचं जाणं मी आईच्या बाजूने लिहिलं होतं. ती बाजारातून येते, अंगणातल्या टाकीचं झाकण बाजूला पडलेलं, पाण्यावर त्याची एक चप्पल. त्याआधीचं काही नाही. लोकांनी त्याला संयम म्हटलं. मीही म्हणू दिलं.

दिग्दर्शक म्हणाले, "बाई, कॅमेऱ्याला 'कुणीतरी' दिसत नाही. झाकण काढणारा हात कुणाचा?"

"मोठीचा," मी म्हटलं.

ताई, जीभ अडखळलीसुद्धा नाही.

काल वाचन झालं. मोठीचं काम करणारी मुलगी पेन्सिल चावत बसली होती. मध्येच म्हणाली, "पण मी टाकी उघडतेच कशाला? घरात नळ आहे की!" सगळे माझ्याकडे बघू लागले. इतकी वर्षं गोष्टी रचून पोट भरते, पण तिला सांगायला एक खोटं सुचेना.

बाहुलीचे कपडे धुवायचे होते गं. तसल्या खेळाला आई नळ सोडू द्यायची नाही. मी झाकण ढकललं, डबा भरला आणि कपडे वाळत घालायला तशीच मागच्या दारी गेले.

मार तू खाल्लास. तुझी शाळा सुटली, मामाकडे रवानगी झाली. आई आजही तुझं नाव न घेता "ती" म्हणते. आणि मी निबंधात पहिली येत राहिले.

आज ते दृश्य पुन्हा लिहिलं. हात मधलीचा आहे.

येत्या रविवारी सकाळी आईला ते वाचून दाखवणार आहे. खोलीत माझ्याशेजारी बसशील? "म्हातारीला आता कशाला छळतेस," असं म्हणशील आणि येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी ये, ताई.

तुझ्या आडोशाला वाढलेली,
मधली