दोघांना एकच पथ्य

४ डिसेंबर २०२४

अंबिकाचं खुब्याचं हाड मोडलं. पडली म्हणावं तर तेही नाही — ओट्याशी उभी होती, कढई घ्यायला वळली, कट् असा आवाज आला आणि मग खाली बसली! शेजारच्या देवेंद्र भैयांच्या गाडीतून नेलं. प्रेम नगरच्या गल्लीत प्रत्येक खड्ड्याला विव्हळत होती. मध्येच म्हणते, "गॅस बंद केलात ना?"

बासष्टाव्या वर्षी नुसतं वळून हाड मोडतं?

५ डिसेंबर

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. "माताजी को पथरी है क्या?"

सांगितलं. आधी मला झाली पथरी, म्हणजे मुतखडा, पाच वर्षांपूर्वी. तेव्हाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं — दूध, दही, पनीर बंद. तीन वर्षांपूर्वी हिला झाली. मीच म्हटलं, रोग तोच, कागद तोच. हिला दाखवायला नेलंच नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बाबूजी, पथरी एक, पर मरीज़ तो दो थे."

मूत्रपिंड कॅल्शियम गाळतं आणि बहुतेक सगळं परत रक्तात ओढून घेतं. पथरीवाल्यांचं जास्त निसटतं. पण कुठे, कसं निसटतं, ते पुरुषात आणि बाईत सारखं नसतं म्हणे. त्यात हिची पाळी गेलेली, हाडं आधीच झिजलेली. वरून दही बंद! शरीराने आणायचं कुठून? हाडांतून काढलं.

"बंद तो आपका भी नहीं होना था. आप सह गए, ये नहीं सह पाईं."

तीन वर्षं! एकदा कढी केली तर मी ताटावरून उठलो होतो.

७ डिसेंबर

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा कबूल केलं — माझ्यामुळे झालं हे. "तुम्ही काय डॉक्टर आहात?" म्हणाली. माझा हात धरून झोपली.

९ डिसेंबर

दुपारी एकाएकी श्वास लागला. फुप्फुसात गुठळी गेली. पाऊण तासात संपलं.

१२ डिसेंबर

लिहवत नाही.

२१ डिसेंबर

तेरावं झालं. पाहुणे गेले. इरा राहिली आहे, उद्या मऊरानीपूरला सासरी परत जाईल. पोरीपुढे आज तोंडातून निघून गेलं, "तुझ्या आईला मी मारलं." ती उठून आत गेली.

२२ डिसेंबर

निघताना इरा चप्पल घालता घालता थांबली.

"बाबा, आईला मालूम होतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला आमच्याकडच्या डॉक्टरला दाखवलं होतं. त्यांनी दही खायला सांगितलं. माझ्याकडे होती तेव्हा रोज खायची. घरी जाताना मला कसम घातली, बाबांना सांगू नकोस. म्हणाली, ह्यांचं बंद आहे गं, आणि ह्यांना किती आवडतं. ह्यांच्यासमोर मी वाटी घेऊन कशी बसू?"