पोरांना आणायला गेले तेव्हा

संयोगिताताई,

तुला जाऊन वर्ष झालं, तरी हे तुलाच सांगावंसं वाटतं. "बाप्याला दोन पोरं सांभाळायला जमायचं न्हाई, तासगावला घेऊन ये," म्हणून आईनं मला शिराळ्याला धाडलं. कृष्णातदाजी म्हणाले, "न्या. पण पोरांना पाचगणी दाखवायचं कबूल केलंय. तेवढं जाऊन येऊ, तुमीबी चला."

घाटात शौर्य ओकला. मी पिशवीत रुमाल शोधेपर्यंत दाजींनी ते स्वतःच्या ओंजळीत झेललं होतं. मग त्याला पुसून त्यांनी त्याचे कपडे बदलले. वर पठारावर आरोही घोड्यामागं पळताना पडली. मी हात पसरून धावले, तर ती माझ्या बाजूनं निघून बापाच्या गळ्यात पडली. त्यांनी तिच्या गुडघ्यावर फुंकर घातली आणि सुटलेली वेणी घातली. ती वाकडीच आली.

"तुज्या आईसारखी न्हाई जमत अजून," दाजी म्हणाले.

"मग उद्या परत घाल," ती म्हणाली.

उद्या ती माझ्याबरोबर तासगावला असणार होती. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

परतताना एसटीत पोरं झोपली. मी म्हटलं, "दाजी, पोरं तुमच्याकडंच राहू द्यात. आईला मी सांगते."

तुझ्या मातीला टिपूस न काढलेला माणूस खिडकीकडं तोंड करून रडला, पण शौर्यला थोपटणारा हात थांबला नाही.

आई अजून माझ्याशी बोलत नाही. पोरं मात्र बापाजवळ आहेत, एवढंच तुला सांगायचं होतं.

तुझी धाकटी,
वैशाली