आधी चेंडू कुठंय ते सांगा

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. लग्नानंतर तुम्ही आठ दिवस कुठं बाहेर राहिला नाहीत, आणि मी माहेरी दौलताबादला गेले तर दुसऱ्या दिवशी सायकल मारत तुम्ही हजर. माझे भाऊ हसायचे. आता तुम्ही गेलात तिथनं सायकल येत नाय, म्हणून हे पत्र. डोळे गेल्यापासून मला लिहिता येत नाय, पण आपल्या लेकानं, नंदूनं, फोनमध्ये कायतरी करून दिलंय. मी बोलते, फोनच लिहून घेतो. चुका सापडल्या तर लाल पेन काढू नका, मास्तर.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. काल मैदानावर तुमच्या नावानं मॅच ठेवली होती. तिथं जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाय. खरं सांगू का, मी भांडायला बसलेय.

तुम्हाला आठवतं का, मी फुटबॉल आधी ऐकला आणि मग बघितला? नवी नवरी होते. आपलं घर मैदानाच्या मागच्या गल्लीत. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि लिंबावर बांधलेल्या भोंग्यातून तुम्ही स्वयंपाकघरात यायचात. सासूबाई म्हणायच्या, "आला बघ तुझा नवरा, बोंबलत." घरी चार शब्द न बोलणारा पीटीचा मास्तर, आणि माईक हातात आला की थांबायचं नाव नाय. मराठी, दखनी, मधनंच उर्दू, सगळं एका वाक्यात. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, किती काय बदललं, पण मैदानाची जबान तीच राहिली, असं तुम्हीच सांगायचात.

तुम्ही डावं-उजवं कधी म्हणाला नाहीत. ऐकणाऱ्याचं तोंड कुठं आहे आपल्याला काय माहीत, म्हणायचात. म्हणून एक टाकीकडचा गोल आणि एक लिंबाकडचा गोल. "चेंडू टाकीकडं निघाला. युसूफकडं आहे. पुढं एकच माणूस आडवा." मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तव्यापाशी बसून चेंडू कुठं चाललाय ते समजायचं.

आणि तो श्वास. गोल होणार असं दिसलं की तुम्ही गप्प व्हायचात आणि नाकानं एक लांब श्वास ओढायचात. भोंग्यातनं तो सगळ्या गल्लीत ऐकू यायचा. नळावरच्या बायका हंडे तसेच सोडायच्या. माझी भाकरी करपायची. मग एकदाच, चेंडू जाळीत गेल्यावरच, तुम्ही म्हणायचात, "गोल." ओरडत पण नव्हतात. ओरडायला मैदान आहे की, म्हणायचात.

तुमच्या जोडीला ते वकीलसाहेब असायचे. आवाज काय, नुसता खर्ज. त्यांना लई शेर पाठ. चेंडू कुठंतरी गटारात गेलेला असायचा आणि यांचा शेर चालू. लोक वाहवा करायचे, आणि तुम्ही घरी येऊन चिडायचात. "अगं, आधी चेंडू कुठंय ते सांगा. कुणाकडं आहे ते सांगा. मग शेर म्हणा, नायतर आरती म्हणा." मी म्हणायची, तुम्हाला येत नाय म्हणून जळता. तुम्हाला शेर खरंच येत नव्हते.

पण सलीमचा दिवस आठवा. मी तो विसरू शकत नाय.

सलीम गोलकीपर. उडी मारली आणि खांबावर जाऊन आदळला. भोंग्यातून तुमचा आवाज एकदम बंद पडला. वकीलसाहेबांनी माईक घेतला आणि म्हणाले, काय नाय, खेळाडू पाणी पितायत, तोवर एक शेर ऐका. शेजारच्या गल्लीत सलीमची आई ऐकत बसलेली. तिला काय कळायचं ते कळलंच. चप्पल न घालता रस्त्यावर आली, आपल्या दारावरनं गेली, मी बघितलं तिला. आणि तेवढ्यात तुम्ही माईक परत घेतला. "अम्मा, सलीम कू मार लगा. होश में है. हात टूटेला दिखरा. हम दवाखाने कू लेके जारै, तुम सीधे वहींच आओ." ती बाई जागच्या जागी थांबली, एकदा खोल श्वास घेतला, आणि वळून दवाखान्याच्या रस्त्याला लागली. धावत नाय, चालत.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला म्हणालात, "ज्याला दिसत नाय, त्याच्यासाठी आपण तिथं बसलोय. त्याच्यापासून लपवायचं असलं तर माईक खाली ठेवावा." मी मान हलवली होती. तेव्हा मला सगळं दिसत होतं. मला वाटलं, हे दुसऱ्यांबद्दल चाललंय.

मग माझा काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत आला आणि एक दिवस मधोमध येऊन बसला. मी रडले तेव्हा तुम्ही काय केलंत? टीव्ही लावला, त्याचा आवाज बंद केला आणि वेताच्या खुर्चीत बसून बोलायला लागलात. आता एक देवघराकडचा गोल आणि एक मोरीकडचा गोल. परदेशातले एवढे मोठे खेळाडू, लाखो लोक त्यांना बघणारे, आणि आपल्या घरात ते मोरीकडं धावायचे. मी रडता रडता हसले होते.

मध्यंतराला ती सुटातली मंडळी पडद्यावर बाण काढत बसायची. त्यांना तुम्ही पंचांगवाले म्हणायचात, झालेल्या लग्नाचा मुहूर्त काढणारे. पण त्यांच्यातला एक तुम्हाला आवडायचा. त्याच्यापुरता टीव्हीचा आवाज मोठा करायचात. "हा कमी बोलतो. आपल्या डोळ्यासमोर होतं आणि आपण बघितलं नाय, तेवढंच दाखवतो. जाणकार म्हणावं तर ह्याला." मग त्याचे बाण तुम्ही माझ्या तळहातावर बोटानं काढून दाखवायचात. हा ह्यांचा बॅक, हा इथं पाहिजे होता, हा तिकडं गेला, म्हणून इथं भोक पडलं. मला गुदगुल्या व्हायच्या. तुम्ही रागवायचात, लक्ष दे म्हणून.

मी लक्ष देत होते हो. तुमच्या आवाजाकडं, बोटाकडं, श्वासाकडं. मग मला कळलं कसं नाय?

छत्रीमुळं कळलं नाय.

बाहेर जाताना मी तुमचं कोपर धरायची. एवढी वर्षं तेच. आणि गेल्या वर्षी चैत्रात तुम्ही म्हणालात, "घाम आलाय, हात चिकट लागतो. ही छत्रीची मूठ धर." तुम्ही छत्रीचं टोक धरलंत, मी मूठ धरली, आणि आपण दोघं बाजारात गेलो. मला मजाच वाटली. भाजीवाली म्हणाली, काय मास्तर, वरात कुणाची. मी पण हसले. मग रोज छत्री.

संक्रांतीपासून तुम्हाला माहीत होतं. नंदूला पण माहीत होतं, तुम्ही त्याला माझी शपथ घातलेली. पेन्शनचं काम आहे म्हणून बाप-लेक दवाखान्यात जायचात, आणि येताना माझ्यासाठी इमरती आणायचात. मी ती गोड मानून खायची. संध्याकाळी तुम्ही मला सांगायचात, कुठल्या खेळाडूची मांडी धरली, कोण लंगडतोय, कोण उगाच पडलाय. सगळ्या जगाचं दुखणं मला सांगितलंत. तुमच्या पोटातली गाठ तेवढी सांगितली नाहीत.

आषाढात तुम्ही मोरीत पडलात तेव्हा मी तुमचा दंड धरला. सायकलच्या दांडीएवढा दंड. मला वाटलं घरात दुसराच कुणीतरी माणूस शिरलाय, त्याला धरलंय मी. मी ओरडले ते त्या भीतीनं. तुम्ही म्हणालात, "अगं, मीच आहे." त्यानंतर आपल्याला जेमतेम पंधरवडा मिळाला, आणि त्यातही तुम्ही झोपून होतात.

वर्षभर मी टीव्ही लावला नाय. लावला की आवाज बंद करावासा वाटतो, आणि बंद केला की वेताच्या खुर्चीतनं तो श्वास येतो. नाकानं ओढलेला, लांब. मी वाट बघत बसते. पुढचा शब्द येत नाय. शेजारीण म्हणते, खुर्ची देऊन टाका कुणाला. मी देत नाय. भीती वाटते आणि देत पण नाय, असं झालंय.

आता कालचं ऐका.

सलीमभाई सकाळीच येऊन गेले. हात अजून वाकडाच आहे, त्याच हातानं माझ्या पायाला शिवले. "भाभी, सर की खुर्ची लिंबाखालीच रखी है. तुम आनाच पडता." नंदू श्राद्धासाठी पुण्याहून आलेलाच होता. चिकलठाण्याची कंपनी सोडून तिकडं गेल्यापासून तो घरी कमीच असतो. म्हणाला, चल आई, मी नेतो.

दारात मी हात पुढं केला. तो म्हणाला, "घाम आलाय गं, हात चिकट लागतो. ही छत्री धर."

माझ्या हातात तीच मूठ आली. तुमचीच छत्री, खुंटीवरची. मी धरली आणि चालायला लागले. गल्ली संपेपर्यंत माझ्या डोक्यात काहीच आलं नाय. मैदानापाशी वारा लागला, गार. आभाळ भरलेलं होतं. सकाळपासून गारवाच होता. मग ह्याला घाम कसला आलाय?

मला तुमच्या लिंबाखालच्या खुर्चीत बसवलं आणि मॅच सुरू झाली. आता भोंगा नाय, मोठी खोकी आहेत आवाजाची. माईकवर कुणी तरुण होता, चांगला उत्साही. काय तो खेळ, काय ती चुरस, टाळ्या झाल्या पाहिजेत, पाहुण्यांचं स्वागत. वकीलसाहेब परवडले, त्यांचे शेर तरी बरे होते. त्याच्या बोलण्यातनं मला काही दिसेना. मी नंदूला कोपरखळी मारली. "चेंडू कुठंय रे?"

"टाकीकडं, आई. निळ्या शर्टवाल्याकडं आहे. पुढं दोघं आडवे. एक चुकवला त्यानं."

अहो, तुमचा आवाज होता. हा पोरगा जन्मात कधी असा बोलला नव्हता, मॅचच्या वेळी गच्चीवर पतंग उडवायचा. आणि बोलता बोलता तो थांबला, आणि नाकानं एक लांब श्वास ओढला. मला वाटलं तुम्ही खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिलात. मी मान पण वळवली, मला काय दिसणार होतं कोण जाणे.

"गोल," नंदू म्हणाला. हळूच. मग मैदान ओरडलं.

त्या ओरड्यात मी छत्री खाली टाकली आणि त्याचा दंड धरला. तो हात ओढायला लागला. मी सोडला नाय. लांब बाहीचा शर्ट आणि आत कुणीच नाय.

मी म्हटलं, "नंदू, मॅच राहू दे. तुझं सांग. जे आहे ते सांग, जिथं आहे तिथं."

"काही नाय गं आई, कामाचा ताण आहे."

"शेर म्हणू नको."

मग परत तोच श्वास, पण ह्या वेळी पुढचा शब्द आला. वजन उतरतंय. पोट दुखतं, रक्त पडतं. डॉक्टरांनी तपासणी करा म्हणून सांगितलंय, त्यालाही तीन महिने झाले. केली नाय. बायकोला सांगितलं नाय. "आप्पांसारखंच निघालं तर?" म्हणाला. एवढा मोठा बाप्या, माझ्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणाला.

मी तळहात पुढं केला. "कुठं दुखतं, दाखव." त्यानं बोटानं रेघ काढली, आणि एका जागी बोट ठेवून थांबला. गुदगुल्या झाल्या नाहीत.

का लपवलंत हो? मला सोसवणार नाय असं वाटलं? सलीमच्या आईला सोसवेल असं तुम्हाला वाटलं आणि मला नाय? तुम्ही माझ्यासाठी लपवलंत, हे मला कळतं. पण तो पोरगा बघत होता. माणसानं आजारी पडलं की छत्री पुढं करायची, हे तो तुमच्याकडनं शिकला. मी तुमच्यावर चिडलेय, आणि चिडल्यावर तुमची लई आठवण येते, हे पण सांगून टाकते.

काल रात्रीच मी सूनबाईला फोन लावायला सांगितला. आधी ती रडली, मग मोठ्यानं रागवली, मग उद्याच निघते म्हणाली. शहाणी आहे. सोमवारी तपासणी. नंदू म्हणाला, आई तू घरी थांब, आम्ही सांगू. मी म्हटलं, तुमचं सांगणं मी बघितलंय.

तर माझा शब्द घ्या. सोमवारी छत्री खुंटीवर राहील. मी त्याचं कोपर धरून जाणार, डॉक्टर बोलतील तेव्हा आत बसणार, आणि ते काय म्हणतात ते सगळं ऐकणार. आणि घरी आल्यावर वेताच्या खुर्चीसमोर बसून तुम्हाला सांगणार. बरं निघालं तरी सांगेन, वाईट निघालं तरी सांगेन, कुठं आहे आणि किती आहे ते सांगेन, आधी श्वास घेऊन. तिथनं तुम्हाला दिसतं की नाय, मला माहीत नाय. नसेल दिसत तर आता मी आहे.

तुमची,
शालन